मागून येणाऱ्यासाठी दिवा : जुन्या मोटारीला मागचे जादा दिवे बसवताना

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. शाळेतून बाहेर पडल्यावर आयटीआय केले आणि तेव्हापासून मोटारींच्या वायरिंगचे काम करीत आलो आहे. लेखणीशी संबंध उरला तो बिले लिहिण्यापुरताच. परंतु मागील माजी विद्यार्थी मेळाव्याच्या संध्याकाळी जे पाहिले, त्यामुळे विषय आपोआप सापडला.

कार्यक्रम आटोपला होता आणि मैदानात उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून फाटकाबाहेर पडत होत्या. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या जुन्या. काही घेतल्या तेव्हाच दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. कुणाचा मागचा एकच दिवा लागत होता. कुणाचे दोन्ही दिवे लागत होते, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. दोन-तीन गाड्यांनी मात्र मागे इतके लाल दिवे लावले होते की चालकाने ब्रेक दाबला की नाही, हे फाटकावर उभे राहूनही कळत नव्हते. त्याच वेळी एक धाकटा गुरुबंधू जवळ येऊन म्हणाला, "दादा, माझ्याही गाडीला मागे आणखी दोन बल्ब बसवून द्या ना. रात्री घाटातून मुलांना घेऊन जायचे म्हणजे भीती वाटते."

त्याची भीती खरी होती. उत्तर मात्र उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. ते येथे सविस्तर लिहितो.

माझी एक चूक

उमेदवारीच्या काळात मी स्वतःच अशी एक गाडी बिघडवली आहे. नात्यातील एका वडीलधाऱ्यांची जुनी छोटी मोटार होती. तिच्या मागच्या दिव्याच्या काचेआड एक कप्पा रिकामाच होता. मी त्यात होल्डर बसवला, दोन्ही बाजूंना २१ वॅटचे बल्ब घातले आणि टेल लाइटच्या वायरीला जोड दिला. गाडीची मागची बाजू उजळून निघाली. मालक खूश झाले आणि मीही.

दोन-तीन आठवड्यांनी ते परत आले. रात्रीच्या प्रवासात एका ट्रकचालकाने धाब्यावर उतरून त्यांना सुनावले होते, "साहेब, तुमची गाडी सारखी ब्रेक मारल्यासारखीच दिसते. खरा ब्रेक कधी मारलात ते कळलेच नाही, थोडक्यात वाचलात." मी काच उघडली. आतील प्लास्टिकचा परावर्तक तपकिरी पडून वाकला होता आणि जोडाजवळच्या वायरीचे आवरण मऊ होऊन चिकटले होते. म्हणजे एकाच कामात दोन अपराध घडले होते. मागच्या चालकाला मी चुकीचा निरोप दिला होता आणि गाडीला आग लागण्याची सोय करून ठेवली होती. पुढील सर्व विवेचन या दोन अपराधांभोवतीच आहे.

मागचा दिवा कोणासाठी?

पुढचा दिवा आपल्याला रस्ता दाखवतो. मागचा दिवा आपल्या उपयोगाचा नाही. तो लागला की विझला, हे आपल्याला गाडीत बसून दिसतही नाही. तो मागून येणाऱ्या माणसाशी बोलतो, आणि त्याची भाषा अगदी थोड्या शब्दांची आहे. मंद लाल म्हणजे 'मी येथे आहे'. प्रखर लाल म्हणजे 'मी वेग कमी करतो आहे'. लुकलुकणारा नारिंगी म्हणजे 'मी वळतो आहे'. पांढरा म्हणजे 'मी मागे येतो आहे'.

पहिल्या दोन शब्दांतील फरक केवळ तेजाचा आहे. म्हणूनच टेल लाइटची तार सामान्यतः ५ वॅटची आणि ब्रेक लाइटची २१ वॅटची असते. पुष्कळ जुन्या गाड्यांत एकाच बल्बात या दोन्ही तारा असतात. ५ वॅटच्या जागी २१ वॅट जळू लागले की हा फरक पुसला जातो. मी नेमके तेच केले होते.

जादा ब्रेक लाइटचा उपयोग होतो का, या प्रश्नाचा अमेरिकेत पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. १९७४ साली जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतील ३४३ टॅक्सींना मागे तिसरा ब्रेक लाइट बसवला. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पुढे तेथे १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना मधोमध, उंचावर असा तिसरा दिवा सक्तीचा झाला. सर्वच गाड्यांना तो आल्यावर नवलाई संपली आणि दीर्घकालीन लाभ सुमारे ४.३ टक्क्यांवर स्थिरावला. आकडा लहान वाटेल; पण दिव्याची किंमत आणि वाचणारी माणसे यांचा हिशेब मांडला तर तो लहान नाही. या दिव्याचे यश त्याच्या प्रखरतेत नाही. तो एकच गोष्ट सांगतो, ब्रेक दाबल्याखेरीज कधीच लागत नाही, आणि उंचावर असल्याने मधल्या गाडीच्या काचांतून त्याहून मागच्या गाडीलाही दिसतो. जुन्या गाडीला एकच जादा दिवा लावायचा असेल तर तो हाच असावा, असे माझे मत आहे.

नवे बसवण्यापूर्वी जुने पाहा

कामावर येणाऱ्या गाड्यांपैकी कित्येकांना जादा दिव्यांची गरजच नसते. त्यांचे असलेले दिवे उपाशी असतात. तारेच्या बल्बाचा एक गुणधर्म ध्यानात ठेवावा : त्याला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर प्रकाश १० टक्क्यांनी नव्हे, सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेला होल्डर, सैल पिन, रंगावर कसलेला अर्थचा स्क्रू एवढ्यानेच ही घट सहज होते.

म्हणून प्रथम काच काढून आतून-बाहेरून धुवावी; उन्हाने पांढुरकी झाली असल्यास बदलावी. काळा पडलेला बल्ब टाकून द्यावा. होल्डरमधील गंज बारीक पॉलिश पेपरने घासावा. अर्थचा स्क्रू काढून त्याखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडावा, स्क्रू घट्ट बसवून वर थोडे ग्रीस लावावे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मल्टिमीटरने दोन मापे घ्यावीत : बॅटरीवरचे आणि बल्बाच्या होल्डरवरचे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक फरक असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, आणि नवे बल्ब जोडल्याने तो वाढेलच.

अर्थचा दोष ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिल्यावर टेल लाइट त्याच्या तालावर लुकलुकतो. विजेला परतीची सरळ वाट मिळाली नाही की ती शेजारच्या बल्बातून वाट काढते. अशा गाडीला आधी अर्थ द्यावा, मग पुढचा विचार करावा.

विजेचा हिशेब

हे झाल्यावरही दिवे अपुरे वाटले, तर हिशेब मांडावा. तो शाळेत शिकलेलाच आहे : वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो. दोन ब्रेक लाइट ३.५ अँपिअर. त्यांना २१ वॅटचे आणखी दोन जोडले की ७ अँपिअर.

आता वायरीकडे पाहू. समजा, पुढून मागे जाणारी जुनी वायर अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची आणि ५ मीटर लांब आहे. तांब्याच्या अशा वायरीचा विरोध सुमारे ०.१७५ ओहम येतो. ७ अँपिअर वाहू लागले की एकट्या वायरीतच सुमारे १.२ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे १० टक्के. म्हणजेच चारही बल्बांचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी! शिवाय हरवलेली वीज नाहीशी होत नाही. ती वायर तापवते. ब्रेकच्या पेडलमागील स्विचही दोन बल्बांच्या हिशेबाने बनवलेला असतो. दुप्पट प्रवाहाने त्याचे संपर्कबिंदू जळतात आणि एके दिवशी सगळेच ब्रेक लाइट बंद पडतात.

याच टप्प्यावर सर्वांत घातक उपाय केला जातो. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज घातला जातो, प्रसंगी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळली जाते. फ्यूज बल्बासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर जळण्यापूर्वी आपण जळावे, हेच त्याचे काम. तो मोठा केला की जळण्याची पाळी वायरीवर येते, आणि ती वायर आसनाखालून, गालिच्याखालून गेलेली असते.

रिले : नव्या दिव्यांना स्वतंत्र वाट

योग्य उपाय असा की जुन्या वायरीकडून केवळ सूचना घ्यावी आणि वीज नव्या वायरीने न्यावी. हे काम रिले करतो. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या चार पायांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. जोडणी पुढीलप्रमाणे करावी.

बॅटरीच्या धन टोकापासून दीड चौरस मिलिमीटरची नवी वायर घ्यावी. बॅटरीपासून वीतभर अंतरावर तिच्यात फ्यूजचे होल्डर बसवावे. २१ वॅटच्या दोन बल्बांसाठी साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. ही वायर डिकीपर्यंत नेऊन रिलेच्या ३० क्रमांकाला जोडावी. ८७ वरून नव्या बल्बांकडे वायर न्यावी. ८६ ला जुन्या ब्रेक लाइटच्या वायरीचा जोड द्यावा आणि ८५ अर्थ करावा. ब्रेक दाबला की जुन्या वायरीतून रिलेच्या गुंडाळीपुरता, साधारण पाव अँपिअरहूनही कमी, अधिक प्रवाह जातो. स्विचला त्याचा भार होत नाही. नव्या जाड वायरीत ३.५ अँपिअरला सुमारे ०.२ व्होल्टच घट होते. बल्ब पूर्ण तेजाने लागतात आणि जुनी वायर थंड राहते.

जादा दिवा एलईडीचा, तयार पट्टीच्या स्वरूपातील तिसरा ब्रेक लाइट असेल तर हा सारा खटाटोप टळतो. अशी तीन वॅटची पट्टी पाव अँपिअरच घेते. तिला ब्रेकच्या वायरीवरून थेट जोड दिला तरी चालतो. तिचा आणखी एक गुण आहे. तारेचा बल्ब पूर्ण तेजाला पोहोचायला सुमारे ०.२ सेकंद घेतो. एलईडी तत्काळ लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी ०.२ सेकंदात सुमारे साडेचार मीटर पुढे येते. एवढ्या अंतरात कधी कधी एक जीव वाचतो. मात्र तारेच्या बल्बासाठी बनवलेल्या जुन्या दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसू नये. त्याचा प्रकाश परावर्तकावर योग्य रीतीने पडत नाही आणि टेल व ब्रेक यांतील फरक पुन्हा पुसट होतो.

हाताने करावयाच्या गोष्टी

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. हा नियम अनुभवी कारागीरही विसरतो आणि पस्तावतो.

रिकाम्या कप्प्यात बल्ब घालायचा असेल तर तो कप्पा किती उष्णतेसाठी बनवला आहे, हे पाहावे. जेथे परावर्तक नाही, हवेला वाट नाही, तेथे २१ वॅटचा बल्ब काही मिनिटांत प्लास्टिक वितळवू शकतो. अशा ठिकाणी ५ वॅटचाच बल्ब टेल लाइट म्हणून घालावा. टेल लाइट तासन् तास जळतो, ब्रेक लाइट क्षणभर. उष्णतेचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा.

दोन तारांच्या बल्बाच्या बाजूच्या खुंट्या एका पातळीत नसतात. तो उलटा बसू नये म्हणूनच ही योजना आहे. बसत नाही म्हणून जोर लावू नये. दोन तारांच्या होल्डरात एका तारेचा बल्ब कोंबला तर त्याच्या बुडाचा एकच ठिपका दोन्ही संपर्कांना टेकतो. मग ब्रेक दाबताच टेल लाइट आणि डॅशबोर्डचे दिवेही लागतात.

पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावावे, अन्यथा पत्र्याची धार हळूहळू आवरण कापते. डिकीच्या झाकणावर दिवा बसवायचा असेल तर बिजागरीजवळ वायरीला सैलपणा द्यावा. भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकी आणि नळी तेथेच असते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्याजवळ जोड, रिले किंवा फ्यूज ठेवूच नये, आणि असे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. दोन वायरी पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे जोड नव्हे. लग दाबून किंवा डाख देऊन वर आकुंचन पावणारी स्लीव्ह चढवावी.

इंडिकेटरला जादा बल्ब जोडण्याचा मोह टाळावा. जुन्या गाड्यांतील पट्टी तापून चालणारा फ्लॅशर भारावर अवलंबून असतो. भार वाढला की त्याची लय बिघडते आणि तो लवकर निकामी होतो. आपण वळतो आहोत हे मागच्याला सांगणारा ताल बिघडवून मिळणार काय?

कायदा आणि धुके

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. दिव्यांचे रंग आणि जागा यांविषयी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये तरतुदी आहेत. सामान्य मालकाने एवढे लक्षात ठेवावे : मागे लाल दिवा; वळण्याचा नारिंगी; पांढरा केवळ मागे जाताना आणि नंबरप्लेटवर; निळा कधीही नाही. सतत लुकलुकणारे लाल दिवे, रंगीत पट्ट्या, काचेवर काळी फिल्म यांनी गाडी शोभिवंत दिसेल, सुरक्षित होणार नाही. शंका असल्यास काम करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारावे.

घाटातून नेहमी जाणाऱ्यांना मागचा फॉग लाइट हवासा वाटतो. तो २१ वॅटचा, ब्रेक लाइटइतकाच प्रखर असतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत त्याच्यात आणि ब्रेक लाइटमध्ये १०० मिलिमीटरहून अधिक अंतर सांगितले आहे. त्याला स्वतंत्र स्विच आणि चालकाला दिसेल असा सूचक दिवा हवा. धुके सरताच तो विझवावा. स्वच्छ हवेत तो मागच्याच्या डोळ्यांना त्रास देतो आणि आपला ब्रेक लाइट झाकतो.

अखेरची परीक्षा

काम झाल्यावर गाडी संध्याकाळी मोकळ्या जागी उभी करावी. घरातील कुणाला तरी चालकाच्या आसनावर बसवावे आणि आपण तीस-चाळीस पावले मागे जाऊन उभे राहावे. टेल लाइट लावायला सांगावे. मग न सांगता ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबला हे क्षणात कळले पाहिजे. टेल लाइट चालू असताना, इंडिकेटर चालू असताना, दोन्ही चालू असताना अशी तीनदा परीक्षा घ्यावी. नंतर दिवे दहा मिनिटे चालू ठेवून काच, होल्डर, वायर आणि फ्यूज यांना हात लावून पाहावा. वायर कोमटही लागता कामा नये.

ही परीक्षा मी उमेदवारीच्या काळात घेतली नव्हती. मी गाडीच्या अगदी जवळ उभा राहून आपलेच काम न्याहाळत होतो. तीस पावले मागे गेलो असतो तर ट्रकचालकाला जे दिसले ते मलाही दिसले असते.

त्या धाकट्या गुरुबंधूच्या गाडीचे काय झाले, तेही सांगतो. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आला. दोन्ही बाजूंचे अर्थ गंजले होते, एक काच पांढरी पडली होती, एक होल्डर सैल होता. ते दुरुस्त केले आणि मागच्या काचेच्या आत एलईडीची एक लहान पट्टी बसवली; जादा म्हणून तेवढेच. अंधार पडल्यावर तो, त्याची पत्नी आणि मी रस्त्यावर मागे चालत गेलो. गाडीत बसलेल्या त्यांच्या थोरल्या मुलीने ब्रेक दाबला. तिन्ही दिवे एकदम, स्वच्छ उजळले. पाय काढताच मंद झाले. "आता कळतंय," त्याची पत्नी म्हणाली.

पुढच्या मेळाव्याला येताना आपापली गाडी अशीच एकदा तीस पावलांवरून पाहून यावे, एवढीच सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती.